डोळ्यांच्या कडेचं मलम

माझी सून डोळ्यांखाली लावायचं मलम बोटभर घेते. एवढीशी ट्यूब, पंधरा दिवसांत चपटी. मग ती चोळते, तेही गालाकडून वर, गालाकडून खाली, कणीक मळावी तसं. मी बघत बसते आणि शेवटी राहवत नाही. "अगं, शाळूच्या दाण्याएवढं घे. आणि चोळू नकोस, टेकव," असं म्हणते. ती हसते आणि म्हणते, "आई, तुमच्या वेळी कुठे होतं हे सगळं?" होतं बाई. आमच्या वेळीही होतं. फक्त आमच्या घरात ते आधी टाचांना लागलं, मग म्हशीला, आणि डोळ्यांपर्यंत पोचेस्तोवर डबीचा तळ दिसला.

ती गोष्ट सत्तरच्या दशकातली, मी आठवीत होते तेव्हाची. सांगलीहून एसटीनं तासाभराच्या अंतरावर, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. थोडा ऊस, थोडी हळद. वडील फौजेत. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. घरात आजोबा, म्हणजे आबा, आई, मी आणि एक म्हैस. दादा वर्षातून दोन महिने यायचे, तेवढ्यापुरता घराला पुरुषाच्या बुटांचा वास यायचा, आणि ते गेले की परत हळदीचा.

हळद काढली की ती शिजवायची. त्याला मोठी लोखंडी काहिल, खाली भट्टी आणि भट्टीत उसाचं पाचट. पाचट भसकन पेटतं, तसंच विझतं, म्हणून एक माणूस सतत तोंडाशी बसून ते सारत राहावं लागतं. आमच्यात ते माणूस म्हणजे आई. समोर जाळ, वरून वाफ, आणि वारा फिरला की सगळा धूर तोंडावर. दोन-तीन हंगाम असे गेले आणि आईच्या डोळ्यांभोवतालची कातडी बिघडली. आधी नुसती कोरडी झाली, मग काळपट लाल, मग कोंडा धरावा तशी सुटायला लागली. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांत तर बारीक चिरा पडल्या. हसलं की त्या ताणायच्या आणि चुरचुरायच्या. त्यामुळे आई हसताना दोन्ही डोळ्यांच्या कडा बोटांनी दाबून धरायची. नवख्या माणसाला वाटायचं, ही रडते आहे की काय.

त्या वर्षी थंडी सरताना दादांचा एक सोबती रजेवर आला. शिराळ्याकडचा माणूस, वाट वाकडी करून आमच्याकडे उतरला. चहा घेतला आणि पिशवीतून एक चपटी पत्र्याची डबी काढली. तिच्यावर ना चित्र, ना अक्षर. आत पांढरं, घट्ट, कसलाच वास नसलेलं मलम.

"तुमच्या दादानं दिलंय," तो मला म्हणाला. "कातडीला लावायचं मलम हाय. बाकीचं पत्रात लिवतो म्हणला."

"पर कुठल्या कातडीला?" मी विचारलं.

त्यानं डोकं खाजवलं. "आता ते म्या न्हाई इचारलं. कातडीला म्हंजी कातडीला, पोरी."

आता यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. दादा तरी त्याला कसं सांगणार, की हे माझ्या बायकोच्या डोळ्यांसाठी आहे म्हणून? चार फौजी पोरांत असं बोललं असतं तर पेन्शनीत निघेपर्यंत त्यांची चेष्टा झाली असती. बायकोसाठी काही पाठवायचं तर ते 'घरी' पाठवायचं, एवढंच बोलायची रीत होती.

डबीचा निवाडा मीच केला. आठवी शिकलेली मी एकटी, त्यामुळे माझं तोंड कायम पुढे. मी म्हटलं, फौजेतली वस्तू म्हणजे पायाची. दादांनी आजवर जे जे आणलं होतं ते पायांचंच होतं: मोजे, बुटाचं पॉलिश, बोटांच्या बेचक्यात टाकायची पावडर. फौज पायांवर चालते, हे आबाच सांगायचे. आणि आबांच्या टाचांना तर अशा भेगा होत्या की ज्वारीचा दाणा आत बसावा. आईनं लगेच डबी त्यांच्यापुढे ठेवली. सासऱ्याच्या आधी सून कशी लावणार?

मलम गुणाचं निघालं. चार दिवसांत आबांच्या टाचा मऊ पडल्या. ते पारावर पाय पसरून बसायला लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "लेकानं पाठिवलंय" म्हणून टाचा दाखवायला लागले. मग आईनं आपल्या टाचांना लावलं, मग मी माझ्या. त्यात म्हशीच्या आचळाला चीर पडली आणि ती धारेला लाथा झाडायला लागली. मीच म्हटलं, लावून बघू. दोन बोटं भरून लावलं. तिसऱ्या दिवशी म्हैस शहाण्यासारखी उभी राहिली. मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं.

मग पत्र आलं.

दादांचं पत्र कायम आबांच्या नावानं यायचं आणि ते बाहेरच्या सोप्यात बसून मोठ्यानं वाचायचं काम माझं. आई आतल्या दाराआड उभी राहायची. तिच्या नावानं कधी पत्र आलं नाही आणि आलेल्या पत्रात तिचं नाव कधी आलं नाही. शेवटी 'घरच्या मंडळींना आशीर्वाद' यायचं, त्यात आई, मी आणि म्हैस सगळेच. त्या एका ओळीसाठी ती अख्खं पत्र उभ्यानं ऐकायची.

तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार. इकडे बर्फ फार. माझे पेन्शनचे कागद सुरू झाले. पाडव्यानंतर येतो तो कायमचाच येतो. कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, तो आल्यावर सांगलीत काढू. इथपर्यंत मी खड्या आवाजात वाचलं. दाराआड बांगड्या वाजल्या. पुढे होतं: 'डबी पोचली असेल. ते मलम घरातल्या माणसांनी डोळ्यांच्या कडेला लावावे. मागच्या रजेत काहिलीपाशी डोळे फार वाईट झालेले बघितले. जपून वापरणे. दुसरी डबी मिळणार नाही.'

'घरातल्या माणसांनी' म्हणजे कुणी, हे सोप्यातल्या खांबालाही कळलं असतं. बापाला लिहिलेल्या पत्रात बायकोच्या डोळ्यांचा विषय! आबांनी घसा खाकरला, टोपी काढली, परत घातली. मग हळूच दोन्ही पाय धोतराच्या आत ओढून घेतले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी आमची गत झाली होती, आणि बंब नेणारी मी होते.

आईनं एका शब्दानं मला बोल लावला नाही. तिनं डबी उजेडात धरली. कडेला आणि तळाला थोडं उरलं होतं, ते नखानं खरवडून हरभऱ्याएवढं झालं. आबांची एक जुनी चुन्याची डबी तिनं राखेनं घासली, उन्हात वाळवली, त्यात तो गोळा ठेवला आणि डबी देवाशेजारच्या कोनाड्यात सारून दिली.

"आगं आई, लाव की आता तरी," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. फोटोच्या दिवशी लागंल."

"मग तवर?"

"तवर काय? हाय ह्ये हाय."

पण तसं नव्हतं. संध्याकाळी ती पाण्याच्या घंगाळात वाकून आपलं तोंड बघत होती. आमच्या घरात आरसा होता, पण तो आबांच्या दाढीचा, हाताएवढा. त्यात एका वेळी एकच डोळा दिसायचा. मला बघून ती म्हणाली, "सोळा वरसं झाली लग्नाला. सगळी मिळून अडीच वरसं एका घरात काढली आसतील. आता कायमचं येणार, आन् हे तोंड घिऊन म्या फोटूत बसू? सरकारी कागदावर जनमभर ह्येच ऱ्हाणार." मग म्हणाली, "त्यांनी वळखलं तरी पायजे." हे ती हसत म्हणाली, पण बोटं डोळ्यांच्या कडांना होतीच. मला फार वाईट वाटलं. म्हशीला लावलेली ती दोन बोटं आठवून मी रात्री उपाशी झोपणार होते, पण पिठलं होतं म्हणून जेवले.

पुढच्या आठवड्यात आबा हळदीचा भाव बघायला सांगलीला निघाले, तेव्हा हट्ट करून मी बरोबर गेले. हळदीच्या पेठेत त्यांना सोडून मी बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात शिरले आणि सरळ म्हणाले, "तोंडाला लावायचं चांगलं द्या." दुकानदारानं चार बाटल्या मांडल्या. मी निवड कशी केली म्हणाल तर बाटलीवरच्या बाईवरून. एकीवरची बाई फार गोरी होती आणि तिचे डोळे टपोरे होते. तीच घेतली. स्नो. उघडली की अख्ख्या एसटीत गुलाबाचा वास.

आईनं तो डोळ्यांखाली लावला आणि पाच मिनिटांत तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तो वास चिरांमध्ये झोंबला. वर वाळल्यावर कातडी आणखीच ओढली गेली आणि पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी दिसायला लागली. "लय ग्वाड वास हाय," एवढंच ती म्हणाली आणि पदरानं पुसून काढला. ती बाटली पुढे मीच दोन वर्षं शाळेत लावली.

मग मी लोणी सुचवलं. घरचं लोणी, त्यात काय वाईट? ते झोंबलं नाही खरं. पण आईनं ते सकाळी लावलं आणि तशीच काहिलीपाशी जाऊन बसली. दिवसभर हळदीची वाफ आणि धूळ त्या लोण्यावर बसत राहिली. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दोन्ही डोळ्यांभोवती दोन पिवळीधमक कडी. मी खो-खो हसले. तीही घंगाळात बघून हसायला लागली, तशा चिरा ताणल्या आणि खरंच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला गेली तर कातडीच निघाली. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "नगं मला फोटू. पेन्शन त्यांची त्यांस्नी मिळंल. म्या काय न्हाई येत सांगलीला." आणि तिनं तोंड फिरवलं. आई एकदा नाही म्हणाली की तिला हलवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं, तिच्या तर नाहीच.

त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, की आपल्याला काही कळत नाही. शहाण्या माणसाला विचारावं. पुन्हा सांगलीला गेले तेव्हा बाटल्यांवरच्या बायांकडे बघितलंही नाही. औषधांच्या दुकानात गेले. काउंटरमागे एक म्हातारे कंपाउंडर होते, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी आधी काही दिलंच नाही, उलट मलाच विचारत सुटले. कुणाला? वय किती? डोळ्याच्या आत खुपतं की बाहेर कातडीलाच? धुरात बसतात? काय काय लावून झालं? मी स्नो आणि लोणी सांगितलं. म्हशीचं नाही सांगितलं.

"वासाचं काही लावू नकोस," ते म्हणाले. "डोळ्याजवळची कातडी पातळ असते, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. तिला वास सोसत नाही आणि रगडणं सोसत नाही." मग त्यांनी मोठ्या बरणीतून साधं पांढरं मलम एका डबीत काढून दिलं. मी वास घेतला. कसलाच नाही. अगदी दादांच्या डबीसारखं. तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

त्यांनी सांगितलेलं मी हाताच्या तळव्यावर पेनानं लिहून घेतलं, आणि घरी जाईपर्यंत ती मूठ उघडली नाही. कामाला जाताना लावायचं नाही, कामावरून आल्यावर. आधी नुसत्या गार पाण्यानं धूर धुवायचा, साबण नाही. कापडानं टिपायचं, पण पुरतं कोरडं करायचं नाही. जरा ओलसर असतानाच लावायचं, म्हणजे आतला ओलावा आत राहतो. शाळूच्या दाण्याएवढं, दोन्ही डोळ्यांना मिळून. करंगळीशेजारच्या बोटानं, कारण त्या बोटाला जोर नसतो. हाडाच्या कडेकडेनं टेकवत जायचं. पापणीच्या केसांपर्यंत नाही, नाहीतर डोळ्यात उतरतं. आणि काहिलीपाशी बसताना वाऱ्याच्या बाजूला बसायचं, हे मुख्य. हे शेवटचं ऐकून मला जरा रागच आला. तीन हंगाम आम्हा तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

आई आधी तयार होईना. मी तिला पायरीवर बसवलं आणि स्वतःच लावायला घेतलं. तिचं डोकं माझ्या गुडघ्याला टेकलेलं, डोळे मिटलेले. इतक्या जवळून मी तिला कधी बघितलं नव्हतं. मी बोट टेकवत गेले, टेकवत गेले. तिच्या डाव्या भुवईत एक जुना वण होता, तो मला चौदा वर्षांत ठाऊक नव्हता. "झोंबतंय?" मी विचारलं. "न्हाई गं," ती म्हणाली. मग मला वाटतं तिला डुलकी लागली.

मग रोज दिवेलागणीला आमचं ते कामच झालं. पहिला आठवडा काही फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात कोंडा गेला. पुढे चिरा मिटत आल्या. काळपटपणा राहिला आणि बारीक सुरकुत्याही राहिल्या. कंपाउंडरनी ते आधीच सांगितलं होतं, की मलमानं आग जाते, वय जात नाही. पण आई आता हसताना बोटं डोळ्यांशी नेत नव्हती. मी म्हटलं, "आता फोटूला येणार न्हवं?" ती म्हणाली, "बगू." म्हणजे येणार.

पाडव्यानंतर नवव्या दिवशी दादा आले. ट्रंक उतरवली, आबांच्या पाया पडले, टोपी काढली आणि उजेडात आले. मी बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांभोवती काळीनिळी कडी होती. कातडी भाजल्यासारखी, जागोजाग सुटलेली, आणि बाहेरच्या कोपऱ्यांत चिरा. आईला होत्या तशाच, तिच्याहून खोल.

"ह्ये काय रं झालं?" आबांनी विचारलं.

"बर्फाचं ऊन, आबा. खालनं वर भाजतं. वरच्या चौकीवर सगळ्यांचं आसंच हुतं." दादा सहज बोलल्यासारखे बोलले. "मलम मिळतं की. दर हिवाळ्याला माणशी एक डबी."

माणशी एक डबी. मी आबांच्या टाचांकडे बघितलं, आबांनी गोठ्याकडे बघितलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग न राहवून मीच सगळं भडाभडा सांगून टाकलं: टाचा, म्हैस, दोन बोटं, सगळं. सांगता सांगता रडायला लागले.

दादांनी ट्रंकेवर बसून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हशीला गुण आला का?"

"व्हय," मी हुंदका देत म्हटलं.

"मग झालं की. सरकारी मलम हाय, वाया न्हाई जायाचं."

तोवर आई आत जाऊन बाहेर आली होती. तिच्या हातात ती चुन्याची डबी होती. सोप्यात आबा बसलेले. त्यांच्यासमोर आई नवऱ्याशी बोलायचीसुद्धा नाही, पदर कपाळापर्यंत ओढून उभी राहायची. त्या दिवशी ती पदर सारखा न करता सरळ दादांपुढे जाऊन बसली. "डोळं मिटा," म्हणाली. दादांनी आबांकडे बघितलं. आबा उठले, "म्हशीला पाणी दावतो," म्हणाले आणि भर दुपारी गोठ्यात गेले.

आई करंगळीशेजारच्या बोटानं हळूहळू टेकवत गेली. मी शिकवलं होतं तसंच, पण माझ्यापेक्षा कितीतरी हलक्या हातानं.

"आगं, ह्ये तुज्यासाठी हुतं," दादा डोळे मिटूनच म्हणाले.

"ठावं हाय. 'दुसरी मिळणार न्हाई' आसं लिवलं, तवाच वळखलं म्या कुणाची हाय ती."

ते पत्र मी वाचलं होतं. मोठ्यानं, खड्या आवाजात, आठवीतल्या सगळ्या अकलेनिशी. दाराआड उभ्या असलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईला त्यातलं जे कळलं, ते मला कळलं नव्हतं. तो हरभऱ्याएवढा गोळा तिनं फोटोच्या दिवसासाठी ठेवला होता हे खरंच होतं. फक्त तो तिच्या डोळ्यांसाठी नव्हता.

आठ दिवसांनी आम्ही सांगलीला गेलो. निघताना आईनं डबीतलं उरलंसुरलं दादांच्या डोळ्यांखाली लावलं आणि तेच बोट आपल्याही डोळ्यांखाली टेकवलं. स्टुडिओत पडद्यापुढे दोन खुर्च्या. फोटोवाल्यानं दिवा लावला, कापडाखाली डोकं घातलं आणि परत बाहेर काढलं. "डोळ्यांखाली चकाकतंय दोघांच्या," तो म्हणाला. "तेवढं पुसून घ्या. सरकारी कागदाला बरं दिसणार नाही."

दादांनी खिशातून रुमाल काढला. आईनं त्यांचा हात धरला, तिथे, परक्या माणसासमोर.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तसाच काडा."

त्यानं तसाच काढला. त्याची एक प्रत माझ्याकडे आहे. दोघंही ताठ बसलेत, रुमाल धरलेला तो हात आईनं अजून सोडलेला नाही, आणि चारही डोळ्यांखाली एक बारीक चमक आहे. सून म्हणते, फोटो जुना झाला, कागद उजळलाय. मी तिला म्हणते, तो कागद नाही, मलम आहे. शाळूच्या दाण्याएवढं घ्यायचं असतं, ते तेवढंच दिसतं.